फळीवर बसा

आमच्या विहीणबाईंच्या घरी पाहुण्याला खुर्ची मिळत नसे. खुर्च्या होत्या, नाही असं नाही. वेताच्या चांगल्या खुर्च्या होत्या, पण त्यांच्यावर करवती, कानशी आणि सरसाचे डबे बसलेले असायचे. माणूस दारात आला की त्या चष्म्याच्या वरून बघायच्या. तोंडाकडे नाही हो, सरळ कमरेकडे. वजनाचा अंदाज घेऊन झाला की म्हणायच्या, "या. बसा फळीवर."

फळी म्हणजे सागाची, जाड, पुरुषभर लांब. समोरच्या खोलीत दोन ठोकळ्यांवर आडवी पडलेली असे. पाहुण्याने तिच्यावर मांडी घालून बसायचं आणि या खाली पाटावर बसून तिच्या कडेवरून खुरचणी ओढायच्या. खुरचणी हे नावही त्यांचंच. मुठीत मावेल असा लाकडाचा तुकडा, त्याला मधोमध चीर, आणि त्या चिरेत लोखंड कापायच्या करवतीचं तुटकं पातं, स्क्रूंनी आवळलेलं. पात्याच्या तोंडाला कानशीने आकार घासायचा, इथे खळगा, तिथे टेकाड. मग ते पातं लाकडावरून ओढत राहायचं, ओढत राहायचं, भुगा फुंकत राहायचं. हळूहळू लाकडाला त्याच्या उलट आकार येतो. पात्यात खळगा असेल तिथे लाकडाला फुगवटा येतो, त्याला गोला म्हणतात. पात्याचं टेकाड असेल तिथे लाकडात खोलगट ओळ पडते, तो गलता. सगळा आकार उतरला की ती कड करवतीने कापून काढायची. झाली नक्षीची पट्टी. दाराला लावा, आरशाला लावा, देवघराला लावा.

काम चालू असताना फळी हलू नये म्हणून सुतार लोक लोखंडी शिकंजा आवळतात. विहीणबाईंना ते पटत नव्हतं. म्हणायच्या, "शिकंजा चहा पेत नाही अन् बोलत नाही. माणूस बसवला तर वजनाचं वजन, गोष्टीच्या गोष्टी."

तर अशा या आमच्या विहीणबाई. माझ्या मुलाच्या सासूबाई. सक्करदऱ्याला राहायच्या, म्हणजे आम्ही आता राहतो त्या नंदनवन वस्तीपासून स्कूटरने चहा गार व्हायच्या आत पोचावं इतक्या जवळ. घराण्यात कोणी सुतार नाही. यजमान बँकेत होते, ते लवकर गेले. एकदा यांच्या कपाटाच्या दाराची पट्टी वाळवीने खाल्ली, तशीच पट्टी आणायला या बाजारात गेल्या. दुकानदार म्हणाला, बाई, ते डिझाइन बंद झालं. या म्हणाल्या, "माझ्या घरचं डिझाइन बंद करणारे तुम्ही कोण?" आणि घरी येऊन तुटकं पातं घासायला बसल्या. तेव्हापासून जे बसल्या ते बसल्याच. साडीवर यजमानांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायच्या, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चहाच्या कपावर बशी उपडी घालून प्यायच्या, म्हणजे एक घोट घ्यायचा की बशी झाकायची, भुगा पडू नये म्हणून. कोणाकडे गेल्या की आधी दाराची विचारपूस, मग माणसांची.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच घरी. मुलांचं आधीच ठरलेलं होतं, आपण फक्त बघून घ्यायचं, चिवडा-लाडू द्यायचे, इतकंच उरलं होतं. बोलणं रंगात आलं आणि या उठल्या. मला वाटलं हात धुवायचा असेल. तर या सरळ माझ्या देवघरापाशी. पर्समधून स्टीलची डबी काढली, डबीतून कणकेचा गोळा काढला, आणि देवघराच्या दाराच्या पट्टीवर अंगठ्याने दाबून बसवला.

माझी नणंद माझ्या कानाशी लागली. "काय वं वहिनी, देवाच्या दाराले कणीक कायले लावून राहिली ही बाई?"

"दृष्ट काढत असेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्यांनी गोळा अलगद सोडवला, उजेडात धरला. कणकेवर पट्टीचा ठसा उमटला होता. "गलता मस्त आहे तुमचा," म्हणाल्या, "कोणं केला?"

"दुकानातून आणला," मी म्हटलं.

आणि त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जणू पाहुण्यांसाठी मी पोळ्या बाहेरून मागवल्या. ठसा असा कणकेत घ्यायचा, मग दोऱ्याने तो गोळा चिरायचा, चिरलेली बाजू पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघेबरहुकूम पातं घासायचं, ही त्यांची रीत मला नंतर कळली. तेव्हा मात्र एवढंच कळलं की माझ्या घरात येऊन, माझा लाडू खाऊन, या बाईने मला माझंच देवघर कसं आहे ते सांगितलं. तिथून माझ्या पोटात जे पेटलं ते काही विझलं नाही.

त्यात लग्नातलं रुखवत. आता रुखवत या विषयात मला कोणी सांगू नये. आम्ही जन्मभर खापरखेड्याला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहिलो, आणि त्या कॉलनीतल्या कितीतरी मुलींचं रुखवत या हातांनी मांडलं. डाळींची तुळस, खारकांची बैलगाडी, लोकरीची वरात. कोणी शिकवलं नाही, माझं मीच शिकले. मुलाच्या लग्नात माझ्याकडे मांडायचं काही नव्हतं, रुखवत मुलीकडचं असतं. पण बघायला जाणार म्हणून मी जरा तयारीनेच गेले. तर टेबलावर काय? एक चौकट. नुसती लाकडी चौकट, उभी करून ठेवलेली, आत फोटो नाही, आरसा नाही. चारी बाजूंनी गोला, गलता, परत बारीक गोला, आणि कोपऱ्यांत ते सगळे एकमेकांत असे मिसळलेले की सांधा दिसत नाही.

आमच्याकडच्या एकाने विचारलं, "फोटो कोणाचा लावणार?"

"मागं भिंत आहे न," विहीणबाई म्हणाल्या, "तिलेच पाहा की थोडी. बिचारीले कोणी पाहत नाही."

लोक हसले. पण जो येई तो त्या चौकटीवरून बोट फिरवून जाई. म्हाताऱ्या, पोरी, केटरिंगवालासुद्धा. माझ्या खारकांच्या बैलगाड्यांवरून कोणी कधी बोट फिरवलं नव्हतं. माझ्या वस्तूंना लोक म्हणायचे, हात लावू नका, पडेल. मी तिथे हसून उभी होते, वरमाईसारखी. फोटोत आहे ते हसू अजून.

हे सगळं मी गिळलं असतं. आपण मुलाकडचे, मान आपल्याकडे, चालायचंच. पण पुढे जे झालं ते गिळता येण्यासारखं नव्हतं.

आमचे हे रिटायर झाले. आम्ही खापरखेडा सोडून नंदनवनात आलो. आणि या माणसाचं बोलणं बंद झालं. भांडण नाही, आजार नाही. डॉक्टरांनी कान तपासले, साखर तपासली, सगळं ठीक. नुसते बाल्कनीत बसायचे आणि समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचे. नोकरीत होते तेव्हा मशीनच्या घरघरीत राहून घरी आले की केवढं बोलायचे. कोण काय म्हणालं, कोणाचा डबा कोणी खाल्ला, सगळं नकलांसकट. आता मी एक विचारलं की "हं". दोन विचारलं की "बरं". मी बोलकी बाई, मला कोणी बोलायला नसलं तरी मी कुंडीशी बोलते, पण घरात माणूस असून कुंडीशी बोलायचं म्हणजे काय असतं ते मला विचारा. सकाळी विचारायची, आज काय करता? नाश्त्याला काय करू? कुठे जायचं का? रामटेकला जाऊन येऊ का? हं. बरं. बघू.

त्या वर्षी संक्रांतीला मी यांच्या हाती तिळाच्या लाडवांचा डबा देऊन यांना सक्करदऱ्याला पाठवलं. म्हटलं, तेवढंच हवा लागेल. सकाळी गेलेला माणूस दुपारी येईना. फोन लावला तर उचलेना. दिवस कलला तेव्हा आले. पँटला मागून भुगा, केसांत भुगा. आणि चेहरा असा, जसा पूर्वी बोनसच्या दिवशी असायचा.

"कुठं होते?"

"फळीवर," म्हणाले.

"दिवसभर?"

"इहीणबाई म्हणे, उठू नका, गोला अर्धा आहे." आणि मग, मी काही विचारलं नसताना, "उद्या पण जातो. गलता बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. मग घरातली झाडू-पोछावाली जशी ठरलेल्या वेळेला येते तसे हे ठरलेल्या वेळेला जायला लागले. दाढी करून. इस्त्रीचा शर्ट घालून, जो संध्याकाळी मी झटकायचा.

भजनी मंडळातल्या बायका काही मुक्या नाहीत. एक जण भजनाच्या मधेच मला म्हणाली, "तुमचे हे अन् इहीणबाई, इवाई-इहीणीचं भारी जमून राहिलं म्हणतात."

"सुतारकी शिकून राहिले," मी म्हटलं.

"या वयात?"

"तुझा नवरा या वयात काय शिकून राहिला ते सांगू का?" मी म्हटलं, आणि टाळ जोरात वाजवले. पण घरी येताना रिक्षात मी सगळा वेळ टाळांची दोरी बोटाला गुंडाळत बसले. वाईटसाईट माझ्या मनात नव्हतं, तेवढं मी दोघांनाही ओळखते. मला जळायला वाईटसाईट लागत नाही. माझ्या घरी मुका असलेला माणूस तिच्या फळीवर बोलतो, एवढं मला पुष्कळ होतं.

बोलतो हे मला कसं कळलं? तर मी गेले बघायला. सांगून नाही गेले. लिंबाच्या लोणच्याचं निमित्त काढलं. दार उघडंच होतं, आणि मला बाहेरूनच हसणं ऐकू आलं. यांचं हसणं. मी पायरीवर उभी राहिले. हे फळीवर मांडी घालून बसलेले, आणि कुठल्यातरी इंजिनियरची नक्कल करत होते, शिंकताना त्याची टोपी कशी पडायची त्याची. ती नक्कल मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहिली होती. नंतर पाहिली नव्हती. विहीणबाई खाली बसून खुरचणी ओढताहेत, ओठ मिटलेले, हसू डोळ्यांत. मला पाहिल्यावर हे गप्प झाले. वर बसल्या बसल्या असे गप्प झाले, जसा नळ जातो.

विहीणबाईंनी माझ्या कमरेकडे पाहिलं. मनात म्हणाल्या असतील, हे वजन कामाचं. "या इहीणबाई, बसा फळीवर. इवाईबुवांचं वजन कमी पडते मले."

मी बसले. हे पलीकडे सरकले. मी लोणच्याचं सांगायला लागले, लिंबं कुठली, मीठ किती, ऊन किती दिलं, आणि मी बोलते तेव्हा माझे हात बोलतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. खुरचणी कटकट वाजली. विहीणबाईंनी हात थांबवला, कडेवरून बोट फिरवलं.

"इहीणबाई, राग मानू नका. तुम्ही खाली बसा. फळी नाचून राहिली."

मी खाली बसले. सतरंजीवर. आणि हे वर. मग त्यांनी मला चहा दिला, बशी झाकून.

निघताना हे स्कूटर काढायला गेले तेव्हा मी विहीणबाईंना दारात गाठलं. म्हटलं, "एक विचारू? हे तुमच्याजवळ काय बोलतात?"

"तुम्हाले त्यायलेच इचाराव लागन."

"घरी बोलत नाहीत म्हणून तर विचारते. तुम्ही काय विचारता त्यांना?"

"मी कायले काही इचारू?" त्या म्हणाल्या. "मी म्हणते, हलू नका. बस."

आता याचं काय करायचं माणसाने? मी घरी येऊन तो प्रयोग केला. मटाराचं पोतं आणलं, दोघांच्या मधे परात ठेवली, आणि तोंड मिटून सोलायला बसले. म्हटलं, बघू, आपणही विचारत नाही काही. हे सोलत होते. मी सोलत होते. सगळे मटार सोलून झाले. हे उठले, हात झटकले आणि बाल्कनीत जाऊन बसले. मी इतके दिवस मटारची उसळ, मटारचा भात, मटारच्या करंज्या केल्या की मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, आई, घरी सगळं ठीक आहे ना.

हळूहळू हे नुसतं बसायचं थांबले आणि ओढायला लागले. आता विहीणबाई फळीवर, हे पाटावर. विहीणबाईंचं ओरडणं मग मला घरीही ऐकावं लागे, कारण हे भाजी चिरतानासुद्धा स्वतःशी पुटपुटायचे. दाबू नका, ओढा. दाबलं की लाकूड रागावते. रेषा उलटी असली तर तुम्ही उलटे व्हा, लाकडाले काहून उलटं करता. इतकी वर्षं मी ओरडत होते की सुरी दाबून भोपळा चिरू नका, बोट जाईल, ते यांनी कधी पुटपुटलं नाही.

मग ते पोळ्यांचं झालं.

इतवारीतलं एक जुनं घर पाडायला काढलं होतं. मालकीणबाईंची विहीणबाईंशी आणि यांच्याशी, दोघांशी ओळख. विहीणबाईंच्या आवडीचं दार त्या घराला होतं. मालकीणबाई ते दार नव्या फ्लॅटमध्ये बसवणार होत्या, पण त्याच्या पट्ट्या ठिकठिकाणी गळलेल्या. जुना नमुना फक्त चौकटीवर धड उरलेला, आणि चौकट भिंतीत चुन्याने इतकी बसलेली की ती भिंतीबरोबरच जाणार. हे दोघे तिथे गेले. ठसा यांनी घेतला, स्वतःच्या हाताने, पहिल्यांदाच. डबी घेऊन हे घरी आले, आणि कणीक वाळू नये म्हणून डबी फ्रिजमध्ये ठेवली.

मला सांगितलं नाही. सांगणार कुठून, बोलतच नव्हते. सकाळी मी फ्रिज उघडला तर डबीत कणकेचा गोळा. मऊ, तेलाचा हात लावून मळलेला. मला वाटलं कालचीच उरली. फ्रिजमध्ये कणीक असेल तर मी पोळ्याच करणार, दुसरं काय करणार? थोडी ताजी मिसळली आणि लाटल्या.

हे जेवायला बसले. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "आज पोळ्या मऊ झाल्या."

मी चाटच पडले. किती महिन्यांनी या माणसाने माझ्या हातच्या कशाबद्दल काही म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक वाढली, तूप सोडलं. तीही खाल्ली. मग हात धुऊन फ्रिज उघडला, आणि तिथेच उभे राहिले.

"डबी कुठं आहे वं?"

"घासायला टाकली."

"अन् आतलं?"

मी ताटाकडे पाहिलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग चप्पल घातली आणि स्कूटर काढली. मी मागच्या सीटवर बसले, मला कोणी बोलावलं नव्हतं तरी. आधी इतवारीला गेलो. तिथे विटांचा ढीग होता, चौकटीचा पत्ता नाही. तिथून सक्करदऱ्याला. मी मनात तयारी करत होते की बाई काही बोलली तर काय उत्तर द्यायचं. सगळं उत्तर तयार होतं.

विहीणबाईंनी ऐकून घेतलं. मग यांच्या पोटाकडे पाहिलं. "म्हणजे नक्षा इवाईबुवांच्या पोटात आहे," म्हणाल्या. "हरकत नाही. तेथूनच काढू."

आणि त्यांनी यांना पाटावर बसवलं, डोळे मिटायला लावले. "चौकटीवर बोट फिरवलं होतं न?"

"फिरवलं होतं."

"तर बोटाले माहीत आहे. फिरवा."

हे डोळे मिटून हवेत बोट फिरवायला लागले. वरून खाली, इथे जरा आत, मग बाहेर, मग एक बारीक कंगोरा. विहीणबाई त्या बोटाकडे बघत पुठ्ठ्यावर रेघ काढत होत्या. मग पातं शिकंज्यात धरलं, त्याच्यापुरता एवढासा शिकंजा होता त्यांच्याकडे, आणि कानस चालवली. घासलं की पातं यांच्या हातात. हे डोळे न उघडता त्याच्या कडेवर बोट लावायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं आत." परत कानस. "एवढं नाही." परत. "हं, हे. हे असंच होतं." दुपार उलटून गेली. मी चहा करून आणला आणि ट्रे घेऊन उभी राहिले. कोणी घेतला नाही, कोणाचं लक्षच नव्हतं. ती दोघं त्या एवढ्याशा लोखंडात अशी बुडाली होती की मी हाक मारली असती तर मलाच लाज वाटली असती.

या बोटाला जर पाहिलेल्या चौकटीचा कणन् कण ठाऊक आहे, तर आमच्या संसाराचं किती ठाऊक असेल? आणि मला कधी सांगितलं का नाही? असं माझ्या मनात येत होतं, आणि चहावर साय धरत होती.

त्या पात्यावर इतवारीच्या दाराच्या पट्ट्या सुरू झाल्या. आणि त्या पुऱ्या व्हायच्या आत विहीणबाई गेल्या. दुपारी जेवून कलंडल्या त्या उठल्याच नाहीत. अंगात तो शर्ट होता. सून माहेरच्या दारात बसून रडत होती, मी तिला जवळ घेतलं, आणि मलाही रडू आलं, ते खोटं नव्हतं. इतकी वर्षं ज्या बाईवर मी जळले तिच्याइतकं बारकाईने मी दुसऱ्या कोणाला पाहिलं नव्हतं.

तेरा दिवस झाल्यावर सुनेने ती फळी, ठोकळे, खुरचण्या, सगळं आमच्या घरी पाठवलं. बाबांना द्या म्हणाली. यांनी ते हॉलमध्ये मांडलं, माझा सोफा भिंतीला लावून. इतवारीच्या मालकीणबाईंना शब्द दिलेला होता, पट्ट्या व्हायच्याच होत्या. हे ओढायला बसले आणि फळी सरकायला लागली.

यांनी फळीवर विटा ठेवल्या. विटा हलल्या. गॅसची भरलेली टाकी ठेवली. ती आडवी झाली. मग तांदळाचं पोतं आणून ठेवलं, रामटेककडचा तांदूळ, वर्षाचा भरलेला. ते बरं बसलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. एका पोत्याला या माणसाने माझ्या जागी, म्हणजे जी माझी जागा कधी नव्हतीच तिथे, बसवलं. मी त्या पोत्यावरही जळले. मला म्हणायला काय झालं होतं? घरात एवढी धडधाकट बाई उभी आहे. पण हे म्हणत नव्हते, आणि मीही म्हणणार नव्हते. मान म्हणून काही असतो.

दोन दिवस पोतं बसलं. तिसऱ्या दिवशी पोत्यातला तांदूळ एका बाजूला गेला, फळी कलली आणि पातं गचकन आत घुसलं. गोल्यावर ओरखडा. यांनी खुरचणी खाली ठेवली. दोन्ही हात गुडघ्यांवर घेऊन नुसते बसून राहिले. पाठीवरून मला दिसत होतं की हा माणूस आता उठेल, हात झटकेल आणि बाल्कनीत जाऊन बसेल, आणि यावेळी बसेल तो कायमचा बसेल.

मी गेले. पोत्याला दोन्ही हातांनी ओढून खाली पाडलं. पदर खोचला आणि फळीवर बसले.

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "थोडी तिकडे सरक वं." मी सरकले. हात मांडीत घट्ट धरून ठेवले. त्यांनी पातं लावलं आणि ओढलं. परत ओढलं. भुग्याचा वास यायला लागला, सागाचा, जरा तेलकट. बराच वेळ नुसती खुरचणी चालली होती. माझ्या जिभेवर कितीतरी प्रश्न येऊन बसले होते. मी ते सगळे गिळले.

"इहीणबाई म्हणायच्या," हे खाली मान घालून म्हणाले, "ओरखडा पडला तर त्याच्यावर हात फिरवू नका, पूर्ण लांबीवर फिरवा. एका जागचं खरडलं की खड्डा दिसते."

त्यांनी पूर्ण लांबीवर एकदा पातं ओढलं.

"पहिल्या दिवशी मी लाडू घेऊन गेलो न, तर त्यायनं मले वळखलंच नाही. वजन पाहिलं अन् म्हणे बसा. मी बसलो. अर्ध्या तासानं म्हणे, तुम्ही कोण?" हे हसले. "मी म्हटलं, इवाई. तर म्हणे, असू द्या, पण हलू नका."

मग ते सुटले. त्या कशा दुसऱ्यांच्या फाटकातून आत जाऊन दारं बघायच्या आणि कुत्रा मागे लागला तरी खिडकीच्या पट्टीचं कौतुक पुरं केल्याशिवाय पळायच्या नाहीत. यजमानांचा शर्ट का घालायच्या, तर त्याच्या खिशात ते पेन ठेवायचे ती शाईची खूण होती म्हणून, ती धुतली जाऊ नये म्हणून शर्ट कधी साबणात भिजवत नव्हत्या. मी हे जे लिहून राहिले त्यातलं पुष्कळसं मला त्या दुपारी कळलं, फळीवर बसून. हे बोलत होते, नक्कल करत होते, मधेच थांबून बोटाने कड तपासत होते. कितीतरी काळाने हा माणूस माझ्या घरात, माझ्यासमोर, मी न विचारता बोलत होता. आणि सगळं तिचं. एका शब्दात मी नव्हते.

पोटात माझ्या पूर्वीसारखंच जळत होतं, कमी नाही. पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते. गोला अर्धा झाला होता. हे भुगा फुंकायला थांबले, आणि मला भीती वाटली की थांबले ते थांबलेच.

"मग?" मी म्हटलं. "मग काय म्हणाल्या त्या?"